बरणी साताऱ्यात, झाकण सांगलीत

आमचे सासरे काचेच्या भांड्याचं मोल जनावरांत सांगत, रुपयांत कधीच नाही. परक्या माणसाच्या ओसरीवर बसून हातातलं वाडगं उन्हाकडे धरायचे, नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचे, काठावरून अंगठा फिरवायचे आणि मग पंचांनी निकाल द्यावा तसं सांगायचे, "दीड शेळी." बरणी असली तर गोष्ट म्हशीपर्यंत जायची. "रुपाया आज हाय, उद्या न्हाई. म्हस ती म्हस," हे त्यांचं अर्थशास्त्र. हा मिशाळ गृहस्थ वाडगं घ्यायला आलाय की शेळी विकायला, हे समोरच्या बाईला कळायचं नाही. आणि शेजारी मान खाली घालून बसलेल्या जावयाला, म्हणजे मला, कुठं तोंड लपवावं ते कळायचं नाही.

सगळे त्यांना सुभेदार म्हणत. मी तोंडावर मामा म्हणायचो, पण मनात सुभेदारच. पलटणीतून निवृत्त होऊन त्यांनी साताऱ्यात लहानसं घर बांधलं होतं. गावाकडची उसाची जमीन भाऊ बघायचे. बाकीचे पेन्शनर पारावर बसून लढाया सांगत, यांनी काच धरली. मूळ दुखणं पलटणीतलंच. साहेबांच्या मेसमधलं जुनं सामान निघालं, त्यात एका उंच पायावर उभं असलेलं, काठाला चुण्या घातलेलं पसरट वाडगं यांना मिळालं. साहेबलोक त्यात फळं ठेवायचे. सुभेदार त्याला 'मेसचा कटोरा' म्हणत. काच जांभळी, पण उन्हात धरली की पाण्यावर रॉकेलचा थेंब पसरावा तसे तिच्यावर हिरवे, सोनेरी, गुलाबी रंग हलायचे. बंदूक धरून राठ झालेल्या त्या पंजात ते वाडगं बघितलं की मी नकळत खाली हात धरायचो. त्यांच्या हातून मात्र एकही भांडं कधी फुटलं नाही. ते काम माझ्याकडे असावं, असं सगळं घर धरून चालायचं.

सत्तरच्या दशकातली ती वर्षं स्टीलची. ज्या घरात बघावं तिथे फळीवर स्टीलचे डबे चमकायला लागले होते आणि आजेसासूच्या काळातल्या रंगीत बरण्या माळ्यावर जाऊन पडल्या होत्या. बोहारीण जुनी लुगडी घेऊन स्टील द्यायची, सुभेदार जुनी काच घेऊन स्टील द्यायचे. फरक एवढाच, की बोहारीण स्वतःच्या टोपलीतलं द्यायची आणि हे सासूबाईंच्या फळीवरचं. एकदा इस्लामपूरला एका घरी कटोरा बघायला गेलो. चहा आला, साखर कमी होती, म्हणून बाईंनी डबा पुढे केला. डब्यावर माझंच नाव! माझ्या आईनं लग्नात विहीणबाईंना दिलेला, नाव घालून दिलेला डबा. मी सुभेदारांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, "घ्या की साखर. आपलाच डबा हाय."

घरात काचेचा एक कडक नियम होता. भांड्यात काही म्हणजे काही ठेवायचं नाही. तेला-मिठानं, गुळानं काचेवरचा मोर मरतो, असं त्यांचं ठाम मत होतं. रंगांच्या त्या झाकेला ते मोर म्हणत. त्यामुळे लोखंडी कपाटभर बरण्या रिकाम्या आणि सासूबाईंच्या शेंगा तुपाच्या गंजक्या डब्यात. "माझ्या घरात बरण्यांस्नी कपाट हाय आन मला फळी न्हाई," त्या म्हणायच्या. त्यांचा गुळांबा आमच्या सगळ्या पाहुण्यांत नावाजलेला. तो एकदा तरी त्या मोठ्या बरणीत भरून बघायचा, एवढीच त्या बाईची हौस. सुभेदार ऐकायचे आणि पंचा घेऊन बरणी पुसायला बसायचे.

मी सांगलीला बँकेत होतो. नंबर लावून लावून कशीबशी स्कूटर मिळाली होती. वाटलं होतं, रविवारी बायकोला मागे बसवून कृष्णेच्या घाटावर जावं. पण रविवारी सकाळच्या एस.टी.नं सुभेदार उतरायचे, सोबत काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यात भांडी गुंडाळायला उसाचं वाळकं पाचट. "जावईबापू, स्कूटर काढा." की निघालो मिरज, तासगाव, जत. मागे त्यांच्या मांडीवर ट्रंक, पुढे माझ्या दातात धूळ. संध्याकाळी घरभर पाचटाचा कचरा. एकदा वैतागून मी विचारलं, "मामा, सगळ्याचं मोल करता. माझं किती? निदान शेळीभर तरी?"

ते गंभीर झाले. "जावयाचं मोल करत न्हाईत."

मी जरा सुखावलो, तोवर पुढे म्हणाले, "स्कूटरचं सांगतो. एक करडू. किकच बसत न्हाई तिला."

बरं, त्यांची पारख तरी पक्की असावी! मिरजेला एकानं 'अस्सल जर्मन' म्हणून एक कटोरा दाखवला. सुभेदारांनी टिचकी मारली, ऊन दाखवलं, म्हैस ठरवली आणि नवीकोरी स्टीलची घागर देऊन मोकळे झाले. घरी आल्यावर मी तो नळाखाली धरला. सगळा मोर मोरीतून वाहून गेला, हातात साधी पांढरी काच उरली. चूक कुणाची? माझ्या साबणाची. वर्षभर ते पाहुण्यांना सांगत होते, "जावयानं धुतला."

आता त्या मोठ्या बरणीकडे येतो, कारण माझ्या आयुष्यातले बहुतेक रविवार तिनं खाल्ले. गडद जांभळी, पोटावर द्राक्षांचे घड उठवलेले, उन्हात धरली की आख्खी पेटायची. साताऱ्यात एक एकट्या राहणाऱ्या शिक्षिकाबाई वारल्या. त्यांच्या पुतण्यानं घर मोकळं केलं, तेव्हा स्टीलच्या बादलीवर ती सुभेदारांना मिळाली. फक्त तिला झाकण नव्हतं. "झाकान न्हाई म्हंजे आटलेली म्हस," सुभेदार म्हणायचे. "झाकान घावलं की दुभती." त्यांच्या सगळ्या कपाटात तेवढं एकच भांडं अपुरं, आणि त्यांचा जीव तेवढ्यातच अडकलेला. बरणी वर्तमानपत्रावर उपडी घालून त्यांनी तोंडाच्या मापाचं गोल कापून घेतलं होतं. ते घडी घालून कायम कोटाच्या खिशात. कुणाच्या घरी काचेचं झाकण दिसलं, की उठून त्यावर कागद ठेवायचे. मापात बसलं नाही की कागदाची घडी घालायचे, तीही अशी हळू, की माझा राग निम्मा उतरायचा.

सुभेदार जुन्या वळणाचे. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांच्या घराण्यातला रिवाज. आमच्याकडे यायचे ते भाकरीचं फडकं आणि पलटणीची पाण्याची बाटली घेऊन, आणि खायचे जिन्यात बसून. माझी बायको शालन दारात उभी राहून डोळे पुसायची, हे भाकरी मोडायचे. एका उन्हाळ्यात बाटलीचं बूच गेलं, पाणी सगळं ट्रंकेत. जतहून उन्हात भाजून आलेला माणूस जिन्यात बसला, पण लेकीच्या हातचा तांब्या घेईना. शेवटी मी त्यांना खाली घरमालकीणबाईंकडे नेलं.

त्या बाईंना सगळी गल्ली आक्का म्हणायची. जैन घराणं, हळदीचा व्यापार. आक्का पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घेतल्याशिवाय घागरीत भरायच्या नाहीत. त्या माझ्यावर माया करत, पण भाडं वाढवताना माया आड येऊ देत नसत. त्यांनी सुभेदारांना पाटावर बसवलं आणि घागरीवरचं झाकण उचललं.

सुभेदार पाटावरून ताडकन उठले. झाकण जांभळं होतं, वर द्राक्षाच्या घडाची मूठ. पाणी राहिलं बाजूला, त्यांनी खिशातून कागद काढला. कागद झाकणावर असा बसला, जसा तिथंच कापला होता. सातारा ते जत आम्ही धूळ खात हिंडलो आणि झाकण माझ्याच जिन्याखाली घागरीवर! मला हसावं की रडावं कळेना.

"आक्का, ह्येची बरणी माज्याकडं हाय," सुभेदार म्हणाले.

आक्कांचा चेहरा उजळला. "इंदूनं दिली व्हय तुमच्यापाशी? लय वर्सं वाट बगतीया मी. इंदू हितं वर ऱ्हायची, शाळंत बाई व्हती. बदली झाली साताऱ्याला, तवा बरणीभर गुळांबा दिला मी तिला. झाकान फुटंल वाटंत म्हून काडून ठिवलं आन तोंडाला फडकं बांदलं. बरणी रिकामी कशी परत दिऊ, भरून आणीन म्हणायची. यंदा येती, पुढल्या साली येती. कशी हाय इंदू?"

मी सुभेदारांचा कोट ओढला. काही उपयोग झाला नाही. पलटणीत वाईट बातमी अशीच देत असावेत. "त्या बाई गेल्या," ते म्हणाले. "घर मोकळं केलं, तवा मी बरणी घेतली."

आक्कांनी पदरानं झाकण पुसलं आणि घागरीवर परत ठेवलं. सुभेदारांनी स्टीलची दोन पिंपं देऊ केली. मी मनात म्हटलं, देवा, या माणसाला गप्प कर. आक्का एवढंच म्हणाल्या, "झाकान न्हाई दिणार. बरणी आणा, मग बगू. पर भरून आणा. ती भरून गेलीया, रिकामी मी घरात घ्यायची न्हाई."

झालं! इकडे भांड्यात काही भरायचं नाही हा सुभेदारांचा नियम, तिकडे भांडं रिकामं घ्यायचं नाही हा आक्कांचा. मी दोघांच्या मध्ये. म्हटलं, मामा, मूठभर साखर टाका. आक्का म्हणाल्या, साखर कशाला, बरणी गुळांब्याची हाय. म्हटलं, आक्का, भांडं नुसतं बघायला आणतील. त्या म्हणाल्या, बगाय आरसा आणा. वर्ष गेलं. दर रविवारी सुभेदार यायचे, आक्कांकडे पाणी प्यायचे, झाकणाकडे बघायचे आणि तहान तशीच घेऊन परत जायचे. वर मला ऐकवायचे, "तुमी नीट बोलला न्हाई तिच्याशी."

शेवटी कोंडी फोडली सासूबाईंनी, मी सुट्टीला साताऱ्यात असताना. सुभेदार एका कटोऱ्यासाठी जतकडे गेले होते, तेवढ्यात त्यांनी गुळांबा केला, थंड केला आणि जांभळ्या बरणीत काठोकाठ भरला. सुभेदार आले. सासूबाई चुलीपाशी उभ्या राहिल्या. "काय करायचं ते करा. मी भरली." मला वाटलं, आता तोफ उडणार. सुभेदारांनी बरणी उचलली, दारात नेऊन उन्हात धरली. आत गुळाचा लाल रंग, बाहेर तो मोर. मग पंचा घेऊन दिवसभर ती बाहेरून पुसत बसले. संध्याकाळी फक्त म्हणाले, "पाचाट आणा."

सातारा ते सांगली ती बरणी माझ्या मांडीवर होती, तोंडाला फडकं बांधलेलं. शेजारी सुभेदार, प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या नावानं खडे फोडत. आक्कांनी फडकं सोडलं, बोटभर चाखला आणि म्हणाल्या, "वैनींच्या हाताला चव हाय." मग घागरीवरचं झाकण उचलून, पुसून त्यांनी सुभेदारांच्या हातात दिलं. "लावा तुमीच." सुभेदारांनी ते बरणीवर ठेवलं. टक् असा बारीक आवाज झाला. ते ताठ उभे राहिले, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं. खरं सांगतो, तेवढ्या क्षणापुरते मला माझे सगळे रविवार वसूल झाल्यासारखे वाटले.

"मग नेतो आता," ते म्हणाले.

"आवं, गुळांबा सपाय नगं? आन रिकामी कशी दिऊ मी तुमास्नी?"

आक्का गुळांबा चमचा चमचा खात होत्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली. थंडीत त्यांनी मोरावळा घातला, बरणी भरली आणि माझ्या हातात दिली. तोंडाला पांढरं फडकं! मी झाकण मागितलं नाही असं नाही. त्या म्हणाल्या, "बापू, काचंचं झाकान यष्टीत कोण नेतं का? फुटंल वाटंत." माझी एस.टी. सुटत होती. साताऱ्यात सुभेदारांनी पाचट बाजूला सारलं, बरणी काढली, ट्रंकेचा तळ चाचपला. मग माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, रायफल आणली आन बोल्ट ठिवून आला?"

तिथून ते ये-जा सुरूच झालं. उन्हाळ्यात गुळांबा सांगलीला, थंडीत मोरावळा साताऱ्याला. झाकण आक्कांच्या घरातून हललं नाही. दरवेळी फडकं बांधताना मी नवी हुज्जत घालायचो आणि दरवेळी हरायचो. सुभेदार तक्रार करायचे, पण बरणी निघाली की आधी तयार होऊन बसलेले असायचे. आक्का झाकण त्यांच्याच हातानं लावू द्यायच्या. टक् आवाज ऐकायचा, घटकाभर बघायचं, पाणी प्यायचं आणि परत फिरायचं. पुढे आम्हाला मुलगी झाली आणि लेकीच्या घरचं पाणी चालायला लागलं, तरी ते प्यायला खालीच जायचे. शालन यावर पुन्हा रुसली.

एकदा पुण्याचा एक व्यापारी साताऱ्याला आला. त्यानं कपाट बघितलं आणि सांगितलं, की याला कार्निव्हल ग्लास म्हणतात, परदेशात जत्रेत बक्षीस म्हणून वाटायचे. मला वाटलं, साहेबांचं भांडं म्हणून जपलेलं जत्रेतलं निघालं, आता सुभेदार खचणार. ते उलट त्याच्यावरच चिडले. "मग? आमच्या जत्रंत खिल्लारी बैलबी मिळतात. त्यो काय हलका आसतो व्हय?" व्यापाऱ्यानं एकेकाचं मोल विचारलं. हे शेळी, करडू, म्हैस सांगत गेले, तो वहीत काय लिहावं ते न कळून माझ्याकडे बघत राहिला. शेवटी त्यानं कोपऱ्यातल्या मोरावळ्याच्या बरणीवर बोट ठेवलं.

"हिचं मोल करत न्हाईत," सुभेदार म्हणाले. आणि करडूबिरडू काही पुढे जोडलं नाही.

ते गेले ते थंडीत. बरणी तेव्हा साताऱ्यात होती, अर्धी भरलेली. सकाळी चमचाभर मोरावळा खाल्ला, उन्हात बसून कटोरा पुसायला घेतला, तो मांडीवरच राहिला. कटोरा फुटला नाही.

दिवसकार्याच्या आधी आक्का आल्या. जिला गुडघ्यांमुळे आमचा जिना चढवत नव्हता ती बाई सांगलीहून एस.टी.नं आली. मांडीवर पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं. सासूबाईंच्या गळ्यात पडून रडून झाल्यावर त्यांनी ते बाहेर काढलं. झाकण. "दरसाली माज्या दारात येऊन बगून जायचं. किती वाट बगाय लावली मी," एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी ते बरणीवर ठेवलं. टक् आवाज झाला. मला भयंकर राग आला. आक्कांचा, सुभेदारांचा, त्या भरल्या-रिकाम्याच्या रिवाजाचा. ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो आवाज ऐकायला तो माणूसच नव्हता. मी परसात जाऊन रडलो.

वाटलं, संपलं आता. जोडी लागली, कपाटात राहील, सासूबाई तिच्यात शेंगा ठेवतील. उन्हाळ्यात मी सांगलीला परत निघालो, तर सासूबाईंनी बरणी पुढे केली. काठोकाठ गुळांबा, तोंडाला फडकं बांधलेलं.

"आक्कास्नी द्या. त्येंचा मोरावळा खाल्ला, भांडं रिकामं कसं ठिवायचं?"

"आणि झाकण?"

त्यांनी मागे बघितलं. झाकण सुभेदारांच्या पाण्याच्या तांब्यावर ठेवलेलं होतं.

"ते ऱ्हाऊ द्या हितंच. फुटंल वाटंत."

मी बरणी मांडीवर घेतली आणि एस.टी.त बसलो.